हे-ऑन-वाय : जुन्या पुस्तकांवर जगणारें गांव

इंग्लंडमधील हेरफर्ड शहर सोडून पश्चिमेकडे वीसएक मैल गेलें म्हणजे आजूबाजूचीं सपाट कुरणें हळूहळू उंचावूं लागतात, समोर ब्लॅक मौंटन्स या डोंगरांची निळसर भिंत उभी राहते, आणि वाय नदीच्या उजव्या तीरावर एक लहानसें गांव दृष्टीस पडतें. उंचवट्यावर एक जुना, अर्धवट पडका कोट. त्याच्या पायथ्याशीं वांकड्यातिकड्या, चढउताराच्या चारदोन गल्ल्या. एका चौकांत घड्याळाचा दगडी मनोरा. आणि भोंवतालीं करड्या दगडांचीं घरें. या गांवाचें नांव हे-ऑन-वाय, म्हणजे वाय नदीकांठचें हे. मराठी घरांतून हें नांव ऐकतांच गृहिणींना हंसूं आल्यावांचून राहणार नाहीं, कारण त्यांच्या तोंडीं हा शब्द एका विशिष्ट व्यक्तीसाठींच राखून ठेवलेला असतो. नॉर्मन लोकांच्या भाषेंत मात्र त्याचा अर्थ कुंपण, किंवा कुंपण घालून राखलेलें रान, असा होता. वेल्श लोक या गांवाला गेल्ली म्हणतात. गेल्ली म्हणजे झाडी, राई. एकाच जागेचीं हीं दोन नांवें. एका नांवांत झाडें आहेत, दुसऱ्यांत त्या झाडांभोंवतीं परक्यानें घातलेलें कुंपण आहे. गांवाचा पहिल्या पांचशें वर्षांचा इतिहास या दोन शब्दांत आला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

सन २०११ च्या खानेसुमारींत या गांवाची वस्ती सोळाशेंच्या आसपास भरली. आपल्याकडील एखाद्या मध्यम खेड्याची ही वस्ती. परंतु एवढ्या वस्तींत पुस्तकांचीं दुकानें वीसएक आहेत, आणि एके काळीं तीं चाळीसांच्या घरांत होतीं. बहुतेक दुकानांतून विकलीं जातात तीं पुस्तकें नवीं नव्हेत. तीं वापरलेलीं, कोणाच्या तरी कपाटांतून उतरलेलीं, कोठल्या तरी ग्रंथालयाचे शिक्के बसलेलीं. ज्या मालाला इतरत्र रद्दी म्हणतात त्या मालावर एक सबंध गांव साठ वर्षें कसें जगलें, ही हकीकत मोठी मौजेची आहे. तें पुढेंही तसेंच जगूं शकेल कीं नाहीं, हा प्रश्न मात्र मौजेचा नाहीं.

गांवाच्या एका कडेनें डुलस नांवाचा ओढा वाहतो. तो ओलांडला कीं इंग्लंड, अलीकडे वेल्स. एवढ्याशा ओढ्यानें दोन राष्ट्रें वेगळीं केलीं असल्यामुळें मध्ययुगांत या जागेला फार महत्त्व आलें. येथें बसलेल्या नॉर्मन सरदारांनीं जहागिरीचे दोन भाग पाडले होते : गांव व त्यालगतची जमीन म्हणजे इंग्लिश हे, आणि डोंगराकडील मुलूख म्हणजे वेल्श हे. एका भागांत इंग्लिश रिवाज चाले, दुसऱ्यांत वेल्श लोकांचे जुने कायदे. पहिला किल्ला मातीच्या उंचवट्यावर, सेंट मेरीच्या देवळाजवळ होता. तो उंचवटा अजून दिसतो. दगडी कोट बाराव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला, आणि लोककथेनें तो एका स्त्रीच्या नांवावर चढविला आहे.

तिचें नांव मॉड द ब्रोज. तिचा पति विल्यम हा सरहद्दीवरील सरदारांत क्रौर्याबद्दल कुप्रसिद्ध. सन ११७५ मध्यें त्यानें अ‍ॅबरगव्हेनीच्या किल्ल्यांत वेल्श सरदारांना स्नेहभोजनास बोलाविलें आणि तेथेंच कापून काढलें. मॉडविषयीं दंतकथा अशी कीं, तिनें हा कोट एका रात्रींत, एकटीनें, ओच्यांतून दगड वाहून बांधला. वाहतांना एक खडा तिच्या जोड्यांत शिरून टोंचूं लागला, तेव्हां तो काढून तिनें नदीपलीकडे भिरकावला, आणि तो तीन मैलांवर लोवेस गांवच्या देवळाच्या आवारांत जाऊन पडला. त्या देवळांत क्रूस कोरलेली एक प्रचंड शिळा खरोखरच आहे, आणि लोक तिला मॉडचेंच नांव देतात. जिच्या जोड्यांतला खडा पुरुषभर उंचीचा, ती स्त्री केवढी असेल, याचा हिशेब श्रोत्यांनीं मनांतच करावा.

इतिहासांतील मॉड या राक्षसिणीहून कमी नव्हती, परंतु तिचा शेवट फार करुण झाला. ब्रोज घराण्याचें आणि राजा जॉनचें बिनसलें, तेव्हां सन १२०८ मध्यें राजानें तिचे मुलगे ओलीस म्हणून मागितले. राजाचा पुतण्या आर्थर त्याच्याच कैदेंत असतां नाहींसा झाला होता, आणि त्याचें काय झालें असावें याची कुजबूज सर्वत्र होती. ती उघड बोलण्याची छाती मात्र कोणाला नव्हती. जुन्या बखरकारांच्या म्हणण्याप्रमाणें मॉडनें ती राजदूतांच्या तोंडावर बोलून दाखविली : स्वतःच्या पुतण्याला न राखणाऱ्या राजाच्या हातीं आपलीं मुलें देणार नाहीं. नवऱ्यानें तिला आवरण्याचा प्रयत्न केला म्हणतात, पण शब्द तोंडांतून गेला होता. पुढें ती आयर्लंडांत पळाली, तेथून स्कॉटलंडांत गेली, सन १२१० मध्यें पकडली गेली, आणि वडील मुलासह राजाच्या बंदिखान्यांत अन्नावांचून मेली. पांच वर्षांनीं, सन १२१५ मध्यें, सरदारांनीं त्याच राजाकडून महासनदेवर मोहोर करून घेतली. देशाच्या कायद्यावांचून कोणासही बंदींत टाकतां येणार नाहीं, असें त्या सनदेंत एक कलम आहे. तें लिहवून घेणाऱ्यांच्या मनांत या मायलेकरांची आठवण असावी, असें कित्येक इतिहासकार मानतात. जॉननें सन १२१६ मध्यें हे गांव जाळलें. सन १२३१ मध्यें वेल्सचा राजा लुएलिन यानें तें पुन्हां जाळलें. दोन वर्षांनीं तिसऱ्या हेन्रीनें कोट दुरुस्त केला आणि गांवाभोंवतीं तट बांधण्यासाठीं कर बसविण्याची परवानगी दिली. सरहद्दीवरच्या गांवाचें नशीब सर्व देशांत सारखेंच.

मॉडच्या काळांतीलच आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. सन ११८८ मध्यें कँटरबरीचा आर्चबिशप बाल्डविन तिसऱ्या धर्मयुद्धासाठीं शिपाई मिळवीत वेल्समधून फिरत होता. त्याच्याबरोबर जेरल्ड नांवाचा विद्वान धर्मोपदेशक होता, आणि त्यानें या प्रवासाचें रसाळ वर्णन लिहून ठेवलें आहे. हे येथें व्याख्यान झालें, आणि क्रूस घेण्यास उत्सुक झालेले पुरुष आर्चबिशप उतरला होता त्या किल्ल्याकडे धांवत सुटले. त्यांच्या बायकांनीं व सोयऱ्यांनीं त्यांना मागें खेंचण्यासाठीं अंगरखे धरले. पुरुष निसटले आणि अंगरखे बायकांच्या हातांत राहिले. जेरल्डला हा धर्माचा विजय वाटला. ते रिकामे अंगरखे हातांत धरून उभ्या राहिलेल्या बायकांना काय वाटलें, हें त्यानें लिहिलेलें नाहीं.

लढाया संपल्यानंतर गांवाचा खरा उद्योग सुरू झाला, तो बाजाराचा. डोंगरांतील मेंढ्या, लोंकर, लोणी, चीज हा माल येथें उतरे आणि सरहद्द ओलांडून इंग्लंडांत जाई. या व्यापाराच्या दोन खुणा गांवांत अजून उभ्या आहेत. एक लोणीबाजार, सन १८३० मध्यें ग्रीक मंदिराच्या धर्तीवर खांब उभे करून त्यावर छप्पर घातलें आहे. ग्रीकांच्या देवांना जी शोभा दिली तीच येथें लोण्याच्या हंड्यांना मिळाली, हें पाहून कोणाही पाहुण्याला संतोष व्हावा. दुसरा चीजबाजार, सन १८३५ चा. घड्याळाचा मनोरा त्यामानानें अलीकडचा, सन १८८४ मधील. दर गुरुवारीं भरणारा बाजार मात्र अव्याहत चालू आहे. भाजी, पाव, चीज, जुने कपडे, मातीचीं भांडीं घेऊन विक्रेते मनोऱ्याभोंवतीं व चौकांत बसतात. ज्याला या गांवाची चालचलणूक पाहावयाची असेल त्यानें गुरुवार साधावा.

कोळसा ही या भागाची मोठी अडचण होती. डोंगरापलीकडे दक्षिण वेल्समध्यें त्याच्या खाणी, पण तो घाट ओलांडून आणणें परवडेना. म्हणून सन १८१६ मध्यें ब्रेकन येथील कालव्यापासून हे गांवापर्यंत लोखंडी रूळ टाकून घोड्यांनीं ओढावयाच्या गाड्या सुरू केल्या. आगगाडीच्या पूर्वीची ही आगगाडी, फक्त आगीवांचून. सन १८६४ मध्यें याच वाटेचा बराचसा भाग घेऊन वाफेची गाडी आली, आणि जवळजवळ शंभर वर्षें तिनें गांवाला जगाशीं जोडून ठेवलें. सन १९६२ च्या डिसेंबरअखेरीस शेवटची उतारूगाडी गेली आणि तो मार्ग बंद पडला.

या शंभर वर्षांत गांवाचें नांव दोन प्रकारें झालें. पहिला प्रकार असा. नदीपलीकडे क्लायरो नांवाचें खेडें आहे. तेथें सन १८६५ पासून १८७२ पर्यंत फ्रान्सिस किल्व्हर्ट नांवाचा तरुण पाद्री होता. तो रोज कोसच्या कोस चाले, शेतकऱ्यांच्या घरीं जाई, हे गांवांत मित्रांकडे जेवे, आणि रात्रीं पाहिलें ऐकलें तें सारें रोजनिशींत लिही. सन १८७९ मध्यें, लग्नाला पांच आठवडे होतात न होतात तोंच, तो वयाच्या अडतिसाव्या वर्षीं वारला. त्याची रोजनिशी सन १९३८ ते १९४० या काळांत विल्यम प्लोमर यानें निवडून तीन खंडांत छापली आणि इंग्रजी वाचकांना एक अपूर्व लेखक लाभला. परंतु प्लोमरच्या हातीं आलेल्या बावीस वह्यांपैकीं बहुतेक वह्या घरांतीलच एका वृद्ध आप्त स्त्रीनें पुढें जाळून टाकल्या, तीनच उरल्या. जुन्या कागदाची किंमत घरच्या माणसांना सर्वांत शेवटीं कळते.

दुसरा प्रकार अगदीं निराळा. हर्बर्ट आर्मस्ट्राँग हा गांवांतील एक प्रतिष्ठित सॉलिसिटर, निवृत्त मेजर, बागेची हौस असलेला. सन १९२१ च्या फेब्रुवारींत त्याची पत्नी वारली. त्याच वर्षीं त्यानें समोरच्याच कचेरींतील प्रतिस्पर्धी वकिलाला चहास बोलावून स्वतःच्या हातानें एक गोड पाव दिला, आणि घरीं गेल्यावर तो वकील मरतां मरतां वांचला. मग पत्नीचें प्रेत उकरलें, त्यांत सोमल सांपडला, आणि सन १९२२ च्या ३१ मे रोजीं आर्मस्ट्राँगला फांशीं दिलें. खुनासाठीं फांशीं गेलेला इंग्लंडमधील हा एकमेव सॉलिसिटर. पुढें कित्येक वर्षांनीं त्याच कचेरींत बसणाऱ्या दुसऱ्या एका सॉलिसिटरनें, तो निर्दोष होता असें प्रतिपादन करणारें पुस्तक लिहिलें. गांवांत त्यावर वाद अजून होऊं शकतो, आणि शहाण्या पाहुण्यानें त्यांत पडूं नये. चहा मात्र खुशाल घ्यावा.

आतां सन १९६२ कडे परत वळलें पाहिजे. आगगाडी गेली, शेतीवरचीं माणसें यंत्रांनीं कमी केलीं, तरुण मुलें शहरांकडे निघालीं, दुकानें ओस पडूं लागलीं. अशा वेळीं रिचर्ड बूथ नांवाचा ऑक्सफर्डमध्यें शिकलेला, चोविशीच्या आसपासचा एक विक्षिप्त तरुण गांवच्या रिकाम्या झालेल्या बंबघरांत जुनीं पुस्तकें मांडून बसला. एखाद्या शहाण्या व्यापाऱ्यानें हा मार्ग सुचविला असता तर त्याला वेड्यांत काढलें असतें. बूथचा तर्क मात्र सरळ होता. एका गांवांत जुन्या पुस्तकांचें एक दुकान असलें तर तें पाहण्यास कोणी येणार नाहीं; पण सारें गांवच दुकानांनीं भरलें तर लोक जगाच्या टोंकाहून येतील. त्यानें सिनेमागृह घेतलें, धान्य व शेतीचीं अवजारें विकणाऱ्या पेढीची इमारत घेतली, कोटही घेतला, आणि सगळीकडे पुस्तकें भरलीं. गांवांतील धट्टेकट्टे गडी बरोबर घेऊन तो अमेरिकेस जाई आणि तेथें बंद पडणाऱ्या ग्रंथालयांतून पुस्तकें उचलून मोठमोठ्या पेट्यांतून जहाजानें आणी. निवड करण्याची त्याला फारशी पर्वा नव्हती. जगांत कोणत्याही पुस्तकाला कोठें तरी एक वाचक असतोच, अशी त्याची श्रद्धा होती. प्रश्न फक्त दोघांची गांठ पडण्याचा.

ही पुस्तकें कोठून आलीं, याचाही विचार केला पाहिजे. कारण एका ठिकाणचा ढीग म्हणजे दुसऱ्या ठिकाणची रिकामी फळी. दक्षिण वेल्सच्या कोळशाच्या खाणींतील मजुरांनीं आपल्या पगारांतून पेनी पेनी कापून गांवोगांव वाचनालयें उभारलीं होतीं. दिवसभर जमिनीच्या पोटांत राबणारीं माणसें संध्याकाळीं तेथें इतिहास, अर्थशास्त्र आणि कादंबऱ्या वाचीत. सन १९६० नंतर खाणी बंद पडत गेल्या तशीं तीं वाचनालयेंही मोडलीं, आणि त्यांतील कित्येक ग्रंथसंग्रह जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्यांनीं मिळेल त्या भावानें उचलले. उरलेसुरलें वांचविण्यासाठीं सन १९७३ मध्यें स्वान्सी येथील विद्यापीठांत खाणकामगारांचें ग्रंथालय स्थापन करावें लागलें. एका गांवाचा उत्कर्ष झाला, त्यांत दुसऱ्या कित्येक गांवांच्या दिवाळ्याचा वांटा होता. व्यापाऱ्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं; त्यांनीं घेतलीं नसतीं तर तीं पुस्तकें कदाचित् लगद्याच्या गिरणींत गेलीं असतीं. पण हे येथें एखादें पुस्तक उघडल्यावर आंत एखाद्या कामगार वाचनालयाचा पुसट शिक्का दिसला, तर वाचकानें क्षणभर थांबावें.

सन १९७७ च्या एप्रिलच्या पहिल्या तारखेस बूथनें हे गांव स्वतंत्र राज्य म्हणून जाहीर केलें आणि स्वतःस राजा रिचर्ड म्हणून राज्याभिषेक करून घेतला. राजदंड तांब्याच्या नळाचा, आणि राज्यगोलक पाण्याच्या टांकींतील तरंगत्या गोळ्याचा. घोड्याला प्रधानपद मिळालें. सरदारक्या आणि परवाने विकत मिळूं लागले. तारीख पाहून कोणीही हंसावें, आणि जगभरचीं वर्तमानपत्रें हंसलींही. बूथला तेंच पाहिजे होतें. पण या थट्टेच्या पोटांत एक खरें भांडण होतें. राजधानींत बसलेल्या मंडळांनीं खेड्यांच्या उद्धाराच्या योजना आखाव्या, मोठ्या कंपन्यांनीं दुकानें काढून लहान दुकानदारांना बुडवावें, आणि गांवानें हात जोडून उभें राहावें, हें त्याला असह्य होत असे. दुर्दैवानें त्याच वर्षीं त्याच्या कोटाला मोठी आग लागली. सन १९३९ मधील आगींत पूर्वेकडील भाग गेला होता. या वेळीं पश्चिमेकडील गेला. राजाचें राज्य मात्र टिकलें. पुढें सन २००४ मध्यें इंग्लंडच्या खऱ्या राणीच्या सरकारनें पर्यटनाच्या कामगिरीबद्दल त्याला मानाचा किताब दिला, आणि या स्वतंत्र राजानें तो स्वीकारला. सन २०१९ च्या ऑगस्टमध्यें तो वारला.

सन १९८८ मध्यें गांवांत साहित्याचा उत्सव सुरू झाला. नॉर्मन व ऱ्होडा फ्लॉरेन्स आणि त्यांचा मुलगा पीटर यांनीं तो घरगुती स्वरूपांत आरंभिला. अमेरिकन नाटककार आर्थर मिलर यांना बोलावणें गेलें, तेव्हां हे-ऑन-वाय हा एखादा खाद्यपदार्थ आहे काय, असें त्यांनीं विचारल्याचें सांगतात. पण ते आले. सन २००१ मध्यें अमेरिकेचे माजी अध्यक्ष क्लिंटन आले, तेव्हां गांवाचें नांव सर्वतोमुखीं झालें. प्रत्येक वर्षीं मेच्या अखेरीस दहाअकरा दिवस गांवाबाहेरच्या कुरणांत तंबूंचें नगर उभें राहतें, आणि तिकिटांची विक्री लाखांच्या घरांत जाते. बूथला हा उत्सव फारसा रुचत नसे. त्याचें म्हणणें, येथें लोक नवीं पुस्तकें आणि प्रसिद्ध लेखकांचीं तोंडें पाहण्यास येतात. जुन्या पुस्तकाला त्यांत काय मिळतें? या तक्रारींत तथ्य अगदींच नाहीं असें नव्हे. पण त्या दहा दिवसांच्या मिळकतीवर गांवांतील कित्येक खानावळी आणि विश्रामगृहें उरलेलें वर्ष काढतात, हेंही तितकेंच खरें.

पाहुण्यानें काय पाहावें? प्रथम कोट. सन २०११ मध्यें एका विश्वस्त मंडळानें तो विकत घेतला, अकरा वर्षें खपून दुरुस्त केला, आणि सन २०२२ मध्यें लोकांसाठीं उघडला. मध्ययुगांतील बुरुज, त्यास चिकटून सतराव्या शतकांतील सरदारी वाडा, आणि अजून बिजागरीवर असलेले जुने लांकडी दरवाजे हें सर्व तेथें पाहतां येतें. माथ्यावरून सारें गांव, नदी आणि डोंगर एका दृष्टिक्षेपांत दिसतात. कोटाच्या आवारांत उघड्यावर पुस्तकांच्या फळ्या लावलेल्या आहेत. तेथें दुकानदार नाहीं. पुस्तक निवडावें, ठरलेले थोडे पैसे पेटींत टाकावे आणि चालूं लागावें. इंग्रज लोक यास प्रामाणिकपणाचें दुकान म्हणतात.

मग दुकानें. सर्व पाहण्याचा हट्ट धरूं नये, तीनचार निवडावीं. लायन रस्त्यावरील बूथच्या नांवाचें दुकान आतां दुसऱ्या हातीं गेलें असून तें सुरेख सजविलें आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर गुरांमेंढरांचीं चित्रें असलेल्या जुन्या फरशा आहेत, त्या पूर्वीच्या शेतमालाच्या पेढीची आठवण देतात. जुन्या सिनेमागृहांतील दुकान म्हणजे पुस्तकांचें कोठारच. केवळ कवितेच्या पुस्तकांना वाहिलेलेंही एक दुकान आहे, आणि तें चालतें, हें ऐकून मराठी कवींना आनंद होईल. दुकानें सायंकाळीं लवकर बंद होतात, म्हणून सकाळींच आरंभ करावा.

ज्यांना पायीं हिंडण्याची आवड आहे त्यांना या गांवासारखें ठिकाण नाहीं. आठव्या शतकांत मर्सियाचा राजा ऑफा यानें वेल्श लोकांच्या सीमेवर मातीचा बांध घातला. त्याच्या अनुरोधानें जाणारी १७७ मैलांची पायवाट याच गांवांतून जाते. दक्षिणेस हे ब्लफ हें ६७७ मीटर उंचीचें शिखर आहे. त्याच्या बाजूनें गॉस्पेल पास या खिंडींतून अरुंद रस्ता लँथनीच्या पडक्या मठाकडे उतरतो. वेल्समधील मोटारींच्या रस्त्यांत याहून उंच खिंड नाहीं. वर रानटी दिसणारीं लहान तट्टें चरत असतात. ढग केव्हां उतरतील याचा नेम नसल्यामुळें जाड जोडे आणि पावसाळी डगला बरोबर असावा. ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनीं वरच्या बाजूस चार मैलांवरील ग्लासबरी येथून भाड्याची होडी घ्यावी आणि प्रवाहाबरोबर हेपर्यंत यावें.

मुक्कामाची सोय जुन्या पथिकाश्रमांतून व खासगी घरांतून चांगली होते. मात्र उत्सवाच्या दिवसांत जागा महिनोगणती आधीं ठरवावी लागते, आणि शेतकरी आपलीं शेतें तंबूंसाठीं भाड्यानें देतात. आगगाडी हेरफर्डपर्यंतच, तेथून बस घ्यावी लागते.

नदीविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. वाय ही सालमन मासळीसाठीं एके काळीं सर्व ब्रिटनमध्यें नांवाजलेली नदी. हेच्या खालच्या बाजूस विनफोर्टनजवळ सन १९२३ मध्यें एका तरुण मुलीनें साडेएकोणसाठ पौंडांचा सालमन गळाला लावला होता. आज तेथें सालमनची संख्या फार घटली आहे. नदीच्या खोऱ्यांत कोंबड्यांचे प्रचंड कारखाने निघाले. या खोऱ्यांत एका वेळीं सुमारें दोन कोटी कोंबड्या असतात असें सांगतात. त्यांची विष्ठा शेतांत खत म्हणून पडते, तिच्यांतील स्फुरद पावसाबरोबर नदींत उतरतो, आणि उन्हाळ्यांत पाणी शेवाळानें हिरवें व गढूळ होतें. ज्या पाणवनस्पतींत माशांचीं पिलें वाढत त्या उजेडाअभावीं मरतात. सन २०२३ मध्यें इंग्लंडच्या निसर्गरक्षण खात्यानें या नदीची स्थिति प्रतिकूल व खालावत चालली असल्याचें नमूद केलें. गांवानें आपलें पोट पुस्तकांवर भरलें, पण पुस्तकांसाठीं येणारा माणूस नदीकांठींही बसतो. ही नदी गेली तर पुस्तकांनीं ती भरून निघणार नाहीं.

दुकानांनाही घोर आहे. घरबसल्या पडद्यावर हवें तें जुनें पुस्तक मागवितां येऊं लागल्यापासून, शोधीत हिंडण्याची गरज उरली नाहीं. चाळीसांचीं वीस झालीं तीं यामुळेंच. इतकेंच नव्हे, तर खर्चाच्या काटकसरीपायीं या पुस्तकांच्या गांवचें सार्वजनिक ग्रंथालयच बंद होण्याच्या बेतांत आलें होतें, आणि तें राखण्यासाठीं नागरिकांना चळवळ करावी लागली. जीं दुकानें टिकलीं तीं अशा गिऱ्हाइकावर, ज्याला आपल्याला काय हवें आहे हें ठाऊक नसतें. नांव ठाऊक असलेलें पुस्तक कोठेंही मिळतें. नांव ठाऊक नसलेल्या पुस्तकाची भेट व्हावयाची तर फळीसमोरच उभें राहावें लागतें.

बूथच्या कल्पनेचें अनुकरण पुष्कळ ठिकाणीं झालें. बेल्जममधील रेदू हें खेडें सन १९८४ मध्यें पुस्तकांचें गांव झालें, स्कॉटलंडांत विगटाउन झालें, आणि सन २०१७ च्या ४ मे रोजीं ही कल्पना सह्याद्रींत पोंचली. महाबळेश्वर व पांचगणी यांच्या दरम्यान स्ट्रॉबेरीसाठीं प्रसिद्ध असलेल्या भिलार या गांवीं महाराष्ट्र सरकारनें हे-ऑन-वायवरून पुस्तकांचें गांव वसविलें. आरंभीं पंचवीस जागा निवडल्या : कोणाच्या घराची ओसरी, कोणाचें विश्रामगृह, शाळा, देऊळ. प्रत्येक ठिकाणीं एका विषयाचीं मराठी पुस्तकें मांडलीं. सारीं मिळून पंधरा हजारांच्या आसपास होतीं. चित्रकारांनीं भिंती रंगविल्या. मात्र नमुना एक असला तरी व्यवहार अगदीं उलट आहे. वेल्समधील गांवांत पुस्तक विकत घ्यावें लागतें आणि तें पाहुण्याबरोबर निघून जातें. तेथील दुकानदार त्यावर पोट भरतो, आणि गिऱ्हाईक आलें नाहीं तर दुकान मिटतें. भिलारमध्यें पुस्तक विक्रीसाठीं नाहीं. कोणीही यावें, ओसरीवर बसून फुकट वाचावें आणि पुस्तक फळीवर परत ठेवावें. घरमालकाचें पोट पुस्तकांवर अवलंबून नाहीं. तें शेतावर आणि पाहुण्यांच्या राबत्यावर आहे. हे येथें राजा झाला तो एक दुकानदार. भिलारला आधार आहे तो सरकारचा. कोणती रीत अधिक काळ टिकेल हें सांगण्यास साठ वर्षें जावीं लागतील. तोंपर्यंत महाबळेश्वरास जाणाऱ्या कुटुंबांनीं वाटेंत तासभर भिलारला उतरण्यास हरकत नाहीं. पावसाळा सोडून केव्हांही जावें, आणि मुलांना बरोबर न्यावें.